बापाची सही

गेल्या जुलैतली गोष्ट. कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका अभ्यासिकेच्या पायरीवर एक मुलगी छत्री मिटून माझ्या शेजारी बसली. फोल्डरमधून ग्राफची वही काढून तिनं तिचं शेवटचं पान माझ्यापुढं धरलं. डावीकडं खर्च, उजवीकडं आवक. महाविद्यालयाची फी वर्षाला १,१५,०००. खोलीत तिघी, तिच्या वाट्याचं भाडं महिना २,०००. मेस दोन वेळ, महिना ३,०००. पुस्तकं, परीक्षा, जर्नलं, गावाकडची एसटी आणि हप्त्यानं घेतलेला जुना लॅपटॉप मिळून वर्षाला २५,०००. उजवीकडं एकच मोठा आकडा होता. बँकेचं कर्ज, वर्षाला १,००,०००, तेही थेट महाविद्यालयाच्या खात्यात. त्याखाली ‘मेडिकल दुकान, संध्याकाळी, महिना ४,०००’. मेसच्या ओळीतलं ‘दोन वेळ’ तिनं खोडलं होतं आणि वर बारीक अक्षरात ‘एक वेळ १,७००’ असं लिहिलं होतं.

बँकेत अठ्ठावीस वर्षं काढल्यामुळं आकडे दिसले की बेरीज माझ्या डोक्यात आपोआप होते. भाडं, मेस आणि दुकानाचा पगार वर्षातले दहा महिने धरला, तर रात्रीचं जेवण सोडूनही वर्षाला सदतीस हजार कमी पडत होते. मी विचारलं, “हे कुठून आणायचं?” ती म्हणाली, “मॅडम, तेच विचारायला आलोय.”

निवृत्त झाल्यापासून जून ते सप्टेंबर, आठवड्यातून दोन संध्याकाळी मी त्या अभ्यासिकेत बसते आणि मुलांना कर्जाचे, शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला मदत करते. गरीब घरची पोरं बरीच येतात. त्यांच्यासाठी योजना आहेत, त्या उशिरा का होईना पोचतात. ही मुलगी दुसऱ्या प्रकारातली. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून सांगते. भुदरगड तालुक्यातली. वडील सरकारी नोकरीत, पगार चांगला. त्यांनी दुसरा संसार मांडला त्याला नऊ वर्षं झाली. आई तिला घेऊन माहेरी आली, मामाच्या सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, शिलाई मशीन टाकून ब्लाउज शिवते. कायदेशीर घटस्फोट झालेला नाही, त्यामुळं सरकारदरबारी ते तिघं अजून एकच कुटुंब आहे. वडिलांना तिनं फोन केला तेव्हा ते म्हणाले, “लग्नाचं बघू की, शिक्षणाचं तू आणि तुझी आई बघा.”

आता ही मुलगी ज्या ज्या दारात गेली, तिथं काय झालं ते पाहा. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. चांगला निर्णय. मुख्य अट ही, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं. वडिलांच्या पगारानं ती रेषा ओलांडली. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, तिची मर्यादाही आठ लाखच. केंद्राच्या व्याज अनुदानाला साडेचार लाखांची मर्यादा. जेवण-राहण्याच्या मदतीची स्वाधार योजना असो नाहीतर पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता, आधी पालकांच्या कमाईचा कागद पुढं ठेवावा लागतो. ज्या पगारातला एक रुपया नऊ वर्षांत तिच्या ताटात पडला नाही, तोच पगार प्रत्येक ठिकाणी तिच्या नावावर जमा धरला गेला. मग ती बँकेत गेली, तर तिथं उलटा हिशोब. वडील सही करत नाहीत म्हणून त्यांचं उत्पन्न धरायचं नाही, आईचं उत्पन्न शिवणकामाचं, म्हणून चार लाखांच्या वर कर्ज नाही. मदत मागायला गेली तेव्हा ती श्रीमंत बापाची लेक ठरली आणि उसने मागायला गेली तेव्हा गरीब आईची.

‘आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना’ अशी आपल्याकडं म्हण आहे. इथं आई जेवू घालायला रात्री अकरापर्यंत मशीन चालवते. म्हणीचा दुसरा अर्धा भाग मात्र अक्षरशः खरा आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाच्या किंवा मुलीच्या शिक्षणाच्या वाटेवर बापाच्या सहीचं कुलूप असू नये. फीसाठीचं कर्ज त्या विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावावर, त्याच्या पुढच्या कमाईच्या भरवशावर मिळावं. आणि जेवण-राहण्याचा खर्च कर्जात ढकलू नये, तो गावानं उचलावा. दुसरी गोष्ट मी कोल्हापुरात बसून म्हणते याला कारण आहे, त्याकडं येतेच.

आधी बँकेचं. भारतीय बँक संघाची आदर्श शैक्षणिक कर्ज योजना २००१ सालची. तिच्यात चार लाखांपर्यंत तारण नाही, तिऱ्हाईत जामीन नाही आणि विद्यार्थ्यानं स्वतःचा हिस्साही घालायचा नाही. चार लाखांच्या पुढं देशातल्या शिक्षणासाठी पाच टक्के हिस्सा घालायचा, तोही एकदम नाही, दर वर्षी हप्ता उचलताना त्या प्रमाणात. शिष्यवृत्ती मिळत असेल तर तीच हिस्सा म्हणून धरता येते. साडेसात लाखांच्या वर तारण लागतं. २०१५ पासून केंद्राचा पतहमी निधी आहे. साडेसात लाखांपर्यंतचं बिनतारण शैक्षणिक कर्ज बुडालं, तर थकलेल्या रकमेच्या ७५ टक्क्यांची हमी हा निधी घेतो. या मुलीची चार वर्षांची गरज ७ लाख ६० हजार. म्हणजे जवळजवळ सगळी गरज या हमीच्या छत्राखाली बसते. तरीही मंजुरी चार लाखांवर थांबली.

का थांबली, हे मला माहीत आहे, कारण मीही थांबवत असे. चार लाख ही शाखेच्या अंगवळणी पडलेली मर्यादा आहे. त्यापुढं गेलं की फाइलवर प्रश्न येतात. खातं थकलं तर हमीचा दावा करायला वेळ लागतो आणि तोवर खुलासा शाखाधिकाऱ्याला द्यावा लागतो. बदली तोंडावर असलेला माणूस धोका घेत नाही. शिवाय बिनतारण, बिनजामीन या शब्दांनी लोकांची फसगत होते. बापाला योजना जामीन मानत नाही, ती त्याला सहकर्जदार मानते. कर्जाचे कागद विद्यार्थी आणि पालक किंवा संरक्षक यांनी मिळून करायचे, असं योजनेतच लिहिलेलं आहे. जामीनदार नको असं जाहिरातीत म्हटलं तरी बापाची खुर्ची टेबलासमोर मांडलेलीच असते.

यातली एक तरतूद मला नोकरीत असतानाही खुपायची. विद्यार्थी विवाहित असेल, तर आई-वडिलांऐवजी नवरा, बायको किंवा सासू-सासरे सहकर्जदार होऊ शकतात. म्हणजे वीस वर्षांच्या मुलीला आई-बापाच्या किंवा संरक्षकाच्या सहीवाचून शिकायचं असेल, तर योजनेनं तिला दाखवलेला दुसरा दरवाजा लग्नाचा आहे. तिच्या एकटीच्या सहीला किंमत नाही. मतदान करता येतं, नोकरीचा करार करता येतो, जमीन विकत घेता येते, पण स्वतःच्या शिक्षणासाठी एकटीनं ऋणको होता येत नाही.

माझ्या हातून झालेली एक गोष्ट सांगते. बँकेचं नाव सांगत नाही, कारण कोणत्याही बँकेत तेव्हा तेच झालं असतं. शाहूवाडी भागातला एक मुलगा नर्सिंगच्या प्रवेशाचं पत्र घेऊन आला होता. वडिलांचं विकास सोसायटीचं कर्ज थकलेलं, त्यात ते दारू पिणारे, घरात पैसा देत नव्हते. वडील थकबाकीदार, म्हणून मी अर्ज परत केला. नियमाला धरून केलं, असं तेव्हा मला वाटलं. दोनेक वर्षांनी तो मला शिरोलीच्या बसमध्ये भेटला. फाउंड्रीची पाळी संपवून येत होता, हातांवर काजळी बसलेली. त्यानं मला ओळखलं आणि उठून मला जागा दिली. पुलाची शिरोली ते व्हीनस कॉर्नर मी त्या जागेवर बसून आले आणि त्याच्याकडं बघायचं मला धाडस झालं नाही.

पुढं २०२० मध्ये केरळ उच्च न्यायालयानं सांगितलं की पालकांचा पतगुणांक (सिबिल स्कोअर) खराब आहे म्हणून मुलाचं शैक्षणिक कर्ज नाकारता येणार नाही, शिक्षणानंतर मुलाची फेडण्याची क्षमता काय असेल ते बघायचं. २०२३ मध्ये त्याच न्यायालयानं विद्यार्थ्याच्या स्वतःच्या कमी सिबिल स्कोअरबद्दलही तसंच म्हटलं. हे वाचलं त्या दिवशी मला तो मुलगा आठवला. जे न्यायालयाला कळलं ते मला टेबलाच्या अलीकडं बसून कळायला हवं होतं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. तारण नाही, जामीनदार नाही, साडेसात लाखांपर्यंत ७५ टक्के हमी, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत. योजना चांगली आहे, पण ती निवडक संस्थांसाठीच आहे, सुरुवातीला त्या ८६० होत्या, आणि देशात महाविद्यालयं चाळीस हजारांहून अधिक आहेत. गारगोटीची, आजऱ्याची, चंदगडची पोरं ज्या महाविद्यालयांत जातात, त्यांतली बहुतेक या यादीत नाहीत. आणि व्याज सवलतीसाठी पुन्हा तोच कुटुंबाच्या उत्पन्नाचा दाखला.

आता कोल्हापूरचं. दसरा चौकात उभं राहिलं की शाहू महाराजांच्या पुतळ्याभोवती बोर्डिंगांच्या इमारती दिसतात. जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग, लिंगायत बोर्डिंग. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि दिगंबर जैन बोर्डिंग १९०१ सालची, मुस्लिम बोर्डिंग १९०६ ची, वीरशैव लिंगायत १९०७ ची, अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग १९०८ ची. वसतिगृहांची जननी म्हणून आपण या शहराचं कौतुक करतो, ते योग्यच आहे. पण महाराजांनी नेमकं काय ओळखलं होतं, हे आपण विसरलो. त्यांना दिसलं की खेड्यातलं पोर शाळेच्या फीमुळं अडत नाही. ते राहायचं कुठं आणि खायचं काय यावर अडतं. म्हणून त्यांनी छप्पर आणि भाकरी दिली. कर्ज दिलं नाही. बोर्डिंगात जेवलेल्या पोरानं पुढं आयुष्यभर त्या भाकरीचे हप्ते भरलेले नाहीत.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. १९१७ मध्ये त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि जो पालक मुलाला शाळेत पाठवणार नाही त्याला महिना एक रुपया दंड लावला. तेव्हाचा रुपया म्हणजे मजुराची काही दिवसांची कमाई. या दंडाकडं मी बँकेच्या नजरेतून बघते, तेव्हा मला त्यातला विचार स्पष्ट दिसतो. बापाची इच्छा हा मुलाच्या शिक्षणाचा निकष महाराजांनी मानलाच नाही. बापाला नको असेल तर बापाला दंड, पोराला शाळा. शंभराहून अधिक वर्षांनी आपण त्याच महाराजांच्या नावाच्या योजनेत मुलाला विचारतो, तुझ्या बापाचा उत्पन्नाचा दाखला कुठाय? आणि बाप दाखला देत नाही तेव्हा शिक्षा मुलाला होते. शाळा सोडायची पाळी मुलावर येते, बापाला कुणी काही विचारत नाही.

कायदा तरी काय म्हणतो? हिंदू दत्तक आणि निर्वाह कायदा १९५६ चा. त्याच्या कलम २० प्रमाणे मूल अज्ञान असेपर्यंत त्याचा निर्वाह आई-वडिलांवर आहे, म्हणजे अठरापर्यंत. अविवाहित मुलगी स्वतःचा निर्वाह करू शकत नसेल तर तिच्यासाठी ती जबाबदारी पुढंही चालते. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका घटस्फोटाच्या प्रकरणात मुलीचा शिक्षणखर्चावरचा हक्क कायद्यानं बजावता येण्याजोगा आहे, असं नोंदवलं. मुलगा मात्र अठरा वर्षं एक दिवसाचा झाला की त्याचा हक्क संपतो, आणि बारावीनंतरचं शिक्षण सुरूच अठराव्या वर्षी होतं. मुलीचा हक्क कागदावर आहे, पण तो मिळवायला बापाला कोर्टात उभं करावं लागतं. मी त्या मुलीला हे सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “तारखांना कोण जाणार? माझी सेमिस्टर हाय डिसेंबरात.” आणि थोड्या वेळानं, “आईला ते बघवायचं न्हाई.” माझ्याकडं उत्तर नव्हतं.

अशा वेळी आपल्याकडं हमखास सांगितलं जातं, कमवा आणि शिका. मला या परंपरेबद्दल मनापासून आदर आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांची रयत शिक्षण संस्था १९१९ ची, ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे तिचं वाक्य. वसतिगृहाच्या शेतात राबून, खडी फोडून शिकलेली माणसं मी पाहिली आहेत. आपल्या शिवाजी विद्यापीठातही कमवा व शिका योजनेनं खेड्यातल्या अनेक पिढ्या पदवीपर्यंत नेल्या. पण त्या योजनेचं गणित काय होतं? पोरानं राबायचं आणि त्याच्या राबण्यातून त्याचं जेवण-राहणं निघायचं. फी नाममात्र होती. आज लाखाच्या पुढं फी आहे आणि ७५ टक्के हजेरीची अट आहे. सकाळी नऊ ते पाच महाविद्यालय, सहा ते दहा मेडिकलचं काउंटर, त्यातून महिना चार हजार. ही मुलगी वर्षाचे बारा महिने राबली तरी निम्मी फीही निघत नाही. तिला आणखी कष्ट कर म्हणणारा माणूस तिच्या दिवसाचे तास मोजत नाही. राजारामपुरीत, सायबर चौकात, शाहूपुरीत रात्री डबे पोचवणारी, मॉलमध्ये उभी राहणारी, क्लासच्या पेपरांचे गठ्ठे तपासणारी शेकडो पोरं आहेत. कष्टात ती कुठं कमी पडत नाहीत.

मग कर्जच वाढवून द्यावं का? फीपुरतं, हो. सगळ्या खर्चासाठी, नाही. इथं माझं काही जुन्या सहकाऱ्यांशी जमत नाही. ते म्हणतात, साडेसात लाखांपर्यंत सोय आहे ना, मग मेसही त्यातच घाला. सोय खरंच आहे. महाविद्यालयाचं वसतिगृह नसेल तर बाहेरच्या खोलीचा आणि जेवणाचा वाजवी खर्च कर्जात धरता येतो, हे फार कमी मुलांना माहीत असतं, आणि शाखेत कुणी आपणहून सांगत नाही. घरगुती मेसवाल्या काकू छापील पावती देत नाहीत, म्हणून तो खर्च अर्जात बसत नाही. ज्यांची आजची अडचण आहे त्यांनी तो जरूर मागावा. पण हिशोब करून बघू. दहा टक्के दर धरला आणि दर वर्षी १ लाख ९० हजार उचलले, तर शिक्षणाची चार वर्षं आणि नंतरचं एक वर्ष मिळून सरळव्याजच २ लाख ६६ हजार होतं. फेड सुरू होते तेव्हा डोक्यावर सव्वादहा लाख असतात. पंधरा वर्षांचा हप्ता घेतला तरी महिना अकरा हजार. पुण्यात पहिल्या नोकरीला वीस-बावीस हजार मिळणाऱ्या मुलीनं त्यातले अकरा द्यायचे, उरलेल्यात खोली, जेवण, आईला पाठवायचं. ज्याच्या पाठीशी घर आहे त्याला नोकरी जायची भीती तेवढी नसते, चार महिने गावाकडं येऊन राहतो. हिला परतायला मामाचा सोपा आहे. एकोणिसाव्या वर्षी खाल्लेल्या आमटी-भाताचे हप्ते तिनं अडतिसाव्या वर्षापर्यंत फेडायचे, हे मला मान्य नाही.

म्हणून म्हणते, फी कर्जातून आणि जेवण गावातून. हे शहर ते करू शकतं याबद्दल मला शंका नाही. अंबाबाईच्या देवळाजवळ भाविकांसाठी अन्नछत्र चालतं. २०१९ च्या महापुरात इथल्या पेठांनी, तालमींनी, मंडळांनी अनोळखी माणसांना दिवसेंदिवस भाकरी-पिठलं पुरवलं, घराघरातून डबे आले, कुणी कुणाची जात किंवा उत्पन्न विचारलं नाही. साखर कारखान्यांनी टनामागे कपात करून शिक्षण संस्था उभ्या केल्या, हा आपल्या जिल्ह्याचा इतिहास आहे. दूध संस्था आहेत, नागरी बँका आहेत, गोकुळ शिरगाव आणि शिरोलीचे उद्योजक आहेत, ज्यांतले कित्येकजण स्वतः बोर्डिंगात वाढले. गणेशोत्सवात एका मंडळाच्या साउंड सिस्टिमवर जातो तेवढ्या पैशात दहा मुलांची वर्षाची मेस निघते. हे मी रागानं म्हणत नाही, माझी दोन्ही मुलं त्या मिरवणुकीत नाचतात. पण हिशोब मांडला की तो तसा दिसतो. विद्यार्थ्यांच्या खोल्या जिथं आहेत तिथं, राजारामपुरी, शाहूपुरी, शिवाजी पेठ, कळंबा अशा चार-पाच ठिकाणी रोजची मेस, ओळखपत्रावर जेवण, बाकी काही विचारायचं नाही. महाराजांनी प्रत्येक समाजाला त्याचं बोर्डिंग काढायला लावलं, कारण तेव्हा एका पंगतीला बसणं अशक्य होतं. आज ते शक्य आहे, तर एकच पंगत घालावी.

लोक लगेच विचारतील, उद्या प्रत्येकजण म्हणेल माझा बाप देत नाही, मग? प्रश्न रास्त आहे, आणि मेसच्या बाबतीत मला त्याची फारशी काळजी वाटत नाही, कारण घरून पैसे येणारं पोर आमटी-भाताच्या रांगेत रोज उभं राहत नाही. फीच्या सवलतीच्या बाबतीत मात्र पडताळणी हवीच. इंग्लंडमध्ये पंचवीस वर्षांखालचा विद्यार्थी पालकांपासून तुटलेला असेल, तर तसा पुरावा आणि शिक्षक किंवा समाजसेवक अशा जबाबदार माणसाचं पत्र घेऊन त्याचं उत्पन्न पालकांपासून वेगळं धरतात. आपल्याकडं तर गावातलं कुणाचं काहीच लपत नाही. ही मुलगी कुणाच्या घरात वाढली, दहावी-बारावीची फी कुणी भरली, हे तिच्या मुख्याध्यापकांना, तलाठ्याला, पोलीस पाटलाला, शेजारच्या चार घरांना माहीत आहे. मुलीचं आणि आईचं बँक खातं पाच वर्षांचं काढलं तर वडिलांकडून किती आले ते रुपया-पैशात कळतं. उत्पन्नाच्या दाखल्यावर ‘पालक विभक्त, विद्यार्थ्याचा खर्च करणारी व्यक्ती अमुक’ असा एक रकाना वाढवायचा आहे. तहसीलदारांना चौकशीचा अधिकार आजही आहेच. खोटं बोलणारे थोडे निघतील. आज खरं बोलणारी सगळीच बाहेर राहतात.

कुणी असंही म्हणतं की अशानं घरं फुटतील, पोरं आई-बापाला जुमानणार नाहीत. पैसे अडवून घर टिकत असतं तर या मुलीचं घर नऊ वर्षांपूर्वीच सावरलं असतं. माझ्या अनुभवात बापाच्या सहीची सक्ती असली की घर जोडलं जात नाही, सहीची किंमत ठरते. एका मुलीला बापानं सांगितलं होतं, सही करतो, पण आम्ही म्हणू त्या मुलाशी दुसऱ्या वर्षाला साखरपुडा. तिनं सही घेतली. पुढं काय झालं ते मला कळलं नाही, ती पुन्हा शाखेत आली नाही.

ज्यांना आज, या महिन्यात फी भरायची आहे, त्यांच्यासाठी बँकेतल्या माणसाला ठाऊक असलेल्या दोन-तीन गोष्टी. विद्यालक्ष्मी या सरकारी पोर्टलवरून बँकांकडं कर्जाचा अर्ज करता येतो, एका शाखेच्या नकारावर थांबू नका. खर्चाचं पत्रक स्वतः करा आणि त्यात खोली-मेस लिहा, मेसवाल्या काकूंकडून साध्या कागदावर सही घेतली तरी ती जोडा. आई, मामा, आजी यांच्यातलं कोण संरक्षक म्हणून उभं राहू शकतं ते लेखी विचारा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तोंडी नकार घेऊ नका. शैक्षणिक कर्जाचा अर्ज वरिष्ठ अधिकाऱ्याच्या संमतीशिवाय नाकारायचा नाही, असं योजनेत स्पष्ट आहे, आणि अर्जाचा निकाल साधारण पंधरा दिवस ते महिनाभरात लावायचा असतो. “होत नाही हो” असं काउंटरवर सांगून पाठवलेल्या मुलांचे अर्ज कुठल्याच आकडेवारीत येत नाहीत. लेखी तक्रारीला तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं फुकट तक्रार करता येते, वकील लागत नाही.

त्या संध्याकाळी आम्ही अर्ज लिहायला घेतला. कर्जाची मर्यादा फीइतकी, ४ लाख ६० हजारांपर्यंत वाढवावी, पाच टक्के हिस्सा वर्षाच्या हप्त्यात घ्यावा, वडिलांऐवजी आईलाच सहकर्जदार धरावं आणि नाकारायचं असेल तर वरिष्ठांच्या संमतीनं, कारणासह लेखी कळवावं. मी सांगत होते, ती लिहीत होती. ‘वडिलांचे नाव’ या ओळीशी आल्यावर तिनं पेन थांबवलं, माझ्याकडं पाहिलं आणि मग पूर्ण नाव सुवाच्य अक्षरात लिहिलं. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तिनं तो शाखेत दिला आणि दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का घेतला. मेसवाल्या काकूंना मी भेटले. त्यांनी रात्रीचं ताट पुन्हा सुरू केलं आहे, पैशाचं बँकेचं उत्तर आल्यावर बघू म्हणाल्या.